दहा मिनिटं विसावली की पुन्हा पळते: सिंगल सीटरच्या टाकीतलं दुखणं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच की दुसरं ते लगेच कळेल.

शर्यतीची गाडी ट्रॅकवर पहिल्या पाच-सहा फेऱ्या काही तक्रार न करता धावते. मग सगळ्यात लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, टॉप गिअरमध्ये, दम सोडते. आरपीएम ५००० च्या पुढे चढत नाही, कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडातून फट् फट् असा उलटा आवाज येतो आणि ड्रायव्हरला वाटतं, मागून कुणी दोरी धरून ओढतंय. वळणाला पाय उचलला की गाडी पुन्हा शहाणी. पुढच्या फेरीत तोच प्रकार, फक्त जरा अलीकडे. आणखी दोन फेऱ्यांनी अर्धा पट्टासुद्धा धड पार होत नाही. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, आणली तर आयडल स्वच्छ, रेस दिली तर आवाज खणखणीत. कव्हर काढा, प्लग पाहा, वायरी हलवा, काही सापडत नाही. दहा मिनिटांनी परत सोडा: कोरी करकरीत गाडी. पाच-सहा फेऱ्या.

हे आम्ही तीन सीझन सोसलं. दरवर्षी वेगळा सुटा भाग बदलला, दरवर्षी 'सापडलं एकदाचं' म्हणून भजी-पाव खाल्ला आणि दरवर्षी कोईमतूरच्या ट्रॅकवर तोंडघशी पडलो.

गाडी कोणती ते सांगायला हवं. फॉर्म्युला मारुती वर्गातली जुनी सिंगल सीटर. नव्या पोरांना हे नाव ठाऊक नसतं, म्हणून थोडं विषयांतर. कोईमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन नळ्यांच्या सांगाड्यात ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवून परवडणारी फॉर्म्युला गाडी तयार केली. आपल्याकडच्या मुलांना उघड्या चाकांच्या गाडीत बसायचं दार त्यामुळे उघडलं. नारायण कार्तिकेयनने शर्यतीची सुरुवात याच वर्गात, श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर केली. तोच पुढे २००५ मध्ये जॉर्डनच्या गाडीतून फॉर्म्युला वनला पोचला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा आहे. आता पोरं कार्टिंगमधून एलजीबी फॉर्म्युला ४ मध्ये नाहीतर थेट फॉर्म्युला ४ मध्ये जातात, पण या जुन्या गाड्या अजून गॅरेजांतून पडून आहेत. त्यातली एक मी भंगारापेक्षा थोड्या जास्त भावात घेतली, फोंड्याला आणली आणि माझा भाचा तिच्यावर हात बसवू लागला.

गोव्यात सर्किट नाही, आणि या दुखण्याचं निदान लांबलं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे. कुंडईला ओळखीच्या एकाचं सिमेंटचं यार्ड आहे, रविवारी रिकामं असतं, मालकाच्या परवानगीने तिथे आम्ही गाडी फिरवतो. १२ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखून ताशी ४० किलोमीटरने फिरलात की गाडीवर जवळजवळ १ जी इतका आडवा जोर येतो. वळणातली रोगलक्षणं तिथे छान पकडता येतात. पण फुल थ्रॉटल सलग सात-आठ सेकंद ठेवायला तिथे जागाच नाही. आणि आमची गाडी आजारी पडायची ती नेमकी तेव्हाच. म्हणजे घरी तपासलं की ठणठणीत, आणि अनमोड घाट चढून, हुबळी-बंगळूरमार्गे टेम्पोतून कोईमतूरला नेली की आजारी. शाळेत जायच्या वेळी पोट दुखणारी मुलं असतात, तसं.

पहिल्या वर्षी मेस्तने, म्हणजे आमच्या मेकॅनिकने, झाकण उघडायच्या आधीच निकाल दिला: 'कॉयल गेली, आनीक कितें!' त्याचं चूक नव्हतं. तापली की दगा देते, थंड झाली की चालते, हे प्लगच्या ठिणगीला वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलचं ओळखपत्रच आहे. कॉइल बदलली. सोबत कंडेन्सर, पॉइंट, वायरी, प्लग. दुसऱ्या वर्षी कार्ब्युरेटर पूर्ण खोलला, नवी किट घातली, फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची बसवली. बाऊलच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या भांड्याच्या, तळाला पांढरी पावडर दिसली, ती खरवडून फेकून दिली. त्या पावडरीकडे तेव्हाच नीट पाहायला हवं होतं, पण त्याबद्दल पुढे. तिसऱ्या वर्षी पंपावर संशय घेतला, नवा इलेक्ट्रिक पंप लावला, आणि एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या पेट्रोल लाइनला चांदीचा पट्टा गुंडाळला, व्हेपर लॉक होतंय, म्हणजे पेट्रोलची लाइनमध्येच वाफ होऊन वाट अडतेय, असं ठरवून.

प्रत्येक वेळी दुरुस्तीनंतरच्या पहिल्या सेशनला गाडी चांगली चालली. साहजिकच आम्हाला वाटलं, पोचलो. खरं कारण असं की कोणताही भाग बदलायचा तर आम्ही पेट्रोल काढत होतो, टाकी हलवत होतो, लाइन सुटी करत होतो. दुखणं त्या हालचालीने तात्पुरतं दबत होतं आणि श्रेय नव्या भागाला जात होतं.

गाठ सुटली ती एका लाल झेंड्यामुळे. प्रॅक्टिसमध्ये गाडीने नुकताच दम सोडायला सुरुवात केली होती, तेवढ्यात पुढे कुणाचं तरी चाक निखळलं आणि सेशन थांबलं. सगळ्यांनी पिट लेनमध्ये इंजिनं बंद केली. तीन मिनिटांत पुन्हा हिरवा झेंडा. भाचा बाहेर गेला आणि चार फेऱ्या मस्त चालला. रात्री लॉजवर मी वहीत वेळा लिहीत होतो तेव्हा तो सहज म्हणाला, 'मामा, तीन मिनिटांत काय थंड होणार? बंद केल्यावर तर पाठ जास्तच भाजत होती.'

त्याचं बरोबर होतं. इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, वारा थांबतो, आणि ब्लॉकमध्ये साठलेली उष्णता बाहेर पसरते. कॉइल, कार्ब्युरेटर, पंप हे सगळं पहिली दहा-पंधरा मिनिटं आणखी तापतं. कॉइल किंवा व्हेपर लॉक हे कारण असतं तर तीन मिनिटांच्या थांब्याने गाडी जास्त बिघडली असती. ती सुधारली. म्हणजे बरं होण्याचा थंडाव्याशी संबंधच नव्हता. तीन मिनिटांत दुसरं एकच घडतं: टाकीतलं पेट्रोल स्थिर होतं, आणि पंपाची ओढ थांबते.

परत आल्यावर पहिली तपासणी केली ती अगदी साधी: त्रास सुरू असतानाच इंजिन मारायचं. क्लच दाबून इग्निशन बंद करायचं आणि गाडी तशीच घरंगळत आणायची. आयडलवर पिटपर्यंत आणली की पुरावा पुसला जातो. थांबल्याबरोबर बाऊल उघडून त्यातलं पेट्रोल मोजायचं आणि तिन्ही प्लग काढून पाहायचे. हे ट्रॅकवरच करावं लागतं, म्हणून त्यासाठी एका टेस्ट डेचे पैसे खर्च झाले. आमच्या बाऊलमध्ये भरलेली पातळी ३५ मिली असते. निघालं २० मिलीच्या आसपास. तिन्ही प्लगचं पोर्सेलिन पांढरंफटक. इग्निशनचा दोष असता तर बाऊल काठोकाठ भरलेला असता आणि प्लग ओले. तीन वर्षांचा वाद पाच मिनिटांत मिटला: पेट्रोल पोचत नाही.

आता कुठे अडतं? इथे थोडं गणित करा, कारण 'पंप चालतो का' हा प्रश्न चुकीचा आहे. पंप किती देतो ते मोजायचं. ७९६ सीसीचं थोडं फुलवलेलं इंजिन ४५ एचपीच्या आसपास देतं असं धरलं, तर फुल थ्रॉटलला तासाला १४-१५ लिटर पेट्रोल पितं. म्हणजे मिनिटाला साधारण २५० मिली. यार्डात गोल गोल फिरताना याच्या निम्मंसुद्धा लागत नाही, म्हणून तिथे काही कळत नव्हतं.

लाइन कार्ब्युरेटरपासून सोडवून मापाच्या भांड्यात घेतली आणि पंप सुरू केला. हे काम उघड्यावर करा, बॅटरीची जोडणी आधी करून मग पंपाचा स्विच लांबून चालवा, भांडं धातूचं घ्या आणि वायरने चॅसीला जोडा, कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा आणि शेजारच्या काकांना बिडी घेऊन बघायला येऊ देऊ नका. आमच्याकडे आले होते.

पहिल्या मिनिटाला ९०० मिली. पूर्वी आम्ही इथेच थांबायचो: अर्धा मिनिट पाहिलं, धार जोरदार, पंप ओके. या वेळी थांबलो नाही. भरलेलं भांडं टाकीत परत ओतत पंप चालूच ठेवला आणि दोन पोरांना गाडी दोन्ही बाजूंनी झुलवत ठेवायला सांगितलं, जणू वळणं चालली आहेत. सहाव्या मिनिटाला ४०० मिली. नवव्या मिनिटाला १४०. पंपाचा आवाजही बदलला, घसा बसल्यासारखा. पंप बंद केला, तीन मिनिटं थांबलो, पुन्हा सुरू केला: ८५० मिली. तिथे उभ्या असलेल्या कुणीच काही बोललं नाही.

१४० मिली येतंय आणि २५० लागतंय, म्हणजे मिनिटाला ११० ची तूट. बाऊलमधली पातळी तिसऱ्या हिश्श्याने उतरली की जेटला, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राला, हवा लागायला लागते, आणि त्याला सहा-सात सेकंद पुरतात. सरळ पट्ट्याच्या शेवटी दम का सुटायचा, वळणात पुन्हा का भरून यायचा, सगळं जुळलं.

गंमत अशी की बाहेरचा फिल्टर प्रत्येक वेळी स्वच्छ असायचा. काचेचा फिल्टर, आत कचऱ्याचा कण नाही. त्याच्याकडे बोट दाखवून मीच दोन वर्षं सांगत होतो की टाकी साफ आहे. टाकी काढली, वरची प्लेट उघडली, तेव्हा कळलं की टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पिक-अप पाइपच्या टोकाला आत आणखी एक बारीक जाळी आहे, अंगठ्याच्या नखाएवढी. आधीच्या मालकाने कधीतरी बसवलेली. कचरा तिथेच अडकत होता, म्हणून बाहेर स्वच्छता नांदत होती. ओढ असली की कचरा जाळीला चिकटायचा, ओढ थांबली की गळून तळाशी जायचा.

कचरा कसला? टाकीत पेट्रोल डचमळू नये म्हणून जाळीदार फोम भरलेला असतो. मी तो बाहेर काढायला हात घातला आणि बरक्या फणसाच्या गऱ्यात हात घातल्यासारखं झालं. पिवळा, चिकट, बोटांतून निसटणारा. ठोकळा म्हणून काही उरलंच नव्हतं, वरून आकार होता इतकंच.

हा फोम का मेला ते समजून घ्या, नाहीतर नवा फोम घालाल आणि पुन्हा हेच कराल. पॉलीयुरेथेन फोम दोन जातींचा असतो, पॉलिएस्टरचा आणि पॉलीईथरचा. पॉलिएस्टरच्या साखळ्या पाण्याने तुटतात, आणि ऊब असेल तर भराभर तुटतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी लष्करी विमानांच्या टाक्यांतला पॉलिएस्टर फोम तिथल्या दमट हवेत असाच विरघळू लागला होता, आणि त्या अनुभवानंतर पॉलीईथरचा फोम आला. कोरड्या मुलखात जो फोम बरीच वर्षं टिकेल तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या गोव्यात लवकर जाणार, यात नवल नाही. आमची गाडी जूनमध्ये झाकायची आणि चवथ झाल्यावर उघडायची. चार महिने अर्धी भरलेली टाकी, उघडा व्हेंट (टाकीत हवा जायची नळी), आणि आत-बाहेर श्वास घेणारी ओली हवा.

त्यात पेट्रोल बदललं. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल २०२३ पासून पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत देशभर तेच सर्रास झालं. इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. हवेतला ओलावा ते पेट्रोलमध्ये ओढून घेतं आणि धरून ठेवतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. पिक-अप पाइप नेमका तळाशीच असतो. कार्ब्युरेटरमधली पांढरी पावडर आठवते? ओल्या इथेनॉलने अॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग असेच फुलतात. तो आमचा पहिला इशारा होता आणि आम्ही तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून टाकला होता.

तुमच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती ते घरी पाहता येतं. उभट मापाच्या काचेत ९० मिली पेट्रोल घ्या, १० मिली पाणी घाला, बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा पाण्याचा थर १० वरून २८ च्या आसपास वाढलेला दिसला तर वाढलेले १८ मिली म्हणजे इथेनॉल, ९० चे २० टक्के. हे पेट्रोल परत टाकीत ओतू नका, हे सांगायची गरज नसावी, पण आमच्याकडे एकाने ओतायला घेतलं होतं.

आता दुरुस्ती. टाकी बाहेर काढून फोम पूर्ण काढला, चिमूटभरही ठेवला नाही. ताज्या पेट्रोलने पाच-सहा वेळा खंगाळली, प्रत्येक वेळचं पेट्रोल पांढऱ्या फडक्यातून गाळलं, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. टाकीला एक बारीक चीर होती. मेस्त म्हणाला, लगेच टाका मारून देतो. मी टाकी उचलून घरी नेली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. वेल्डिंग करायचंच असेल तर टाकी धुऊन, वाफवून, वायू तपासून घेणाऱ्या जाणत्या माणसाकडेच द्या. आम्ही दिली, आठवडा गेला.

नवा फोम पॉलीईथरचा घेतला. विकणारे बहुतेकदा फक्त 'टाकीचा फोम' म्हणतात. जात विचारा, इथेनॉलला चालतो का ते लेखी घ्या, नाहीतर एक तुकडा ई-२० मध्ये बाटलीत महिनाभर बुडवून ठेवा. फोम करवतीच्या दातांच्या पावसुरीने स्वच्छ कापला जातो. पिक-अपभोवती मुठीएवढी पोकळी ठेवा, फोम जाळीला टेकता कामा नये. फोमने टाकीची जागा फारशी जात नाही, शंभरातली दोन-तीन टक्के. नखाएवढी जाळी फेकून शंकूच्या आकाराची मोठी जाळी बसवली, म्हणजे थोडा कचरा आला तरी वाट पूर्ण बंद होत नाही. सगळ्या नळ्या एसएई जे३०आर९ छापाच्या, इथेनॉल सोसणाऱ्या. साध्या काळ्या नळीची आतली कातडी सुटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

जेटबद्दल एक गोष्ट. हे इंजिन शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने बसवलेलं आहे. शुद्ध पेट्रोलला १ किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला १३.५ च्या आसपास. म्हणजे तोच जेट ठेवला तर मिश्रण साधारण ८ टक्के पातळ होतं. छिद्राचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे ८ टक्के जास्त पेट्रोलसाठी व्यास ४ टक्केच वाढवावा लागतो: १०० नंबरचा जेट असेल तर १०४ च्या जवळचा. पण आधी तुमच्या वर्गाचं नियमपुस्तक वाचा. कित्येक सिरीजमध्ये कार्ब्युरेटरला सील असतं आणि जेट बदलला तर स्क्रूटिनीमध्येच, म्हणजे आयोजकांच्या तपासणीतच, गाडी बाहेर जाते. आणि एक क्रम पाळा: आधी पुरवठा दुरुस्त, मग जेट. उपाशी इंजिनावर मोठा जेट लावून काही होत नाही, फक्त धूर वाढतो. हा उद्योगही आम्ही करून पाहिला आहे.

यानंतर गाडी एक पूर्ण सीझन चालली. पुढच्या वर्षी चवथीनंतरच्या पहिल्याच प्रॅक्टिसमध्ये चौथ्या फेरीला पुन्हा तोच दम. मी पिटवॉलवर बसून फोमवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. भाचा गाडी घेऊन आला आणि मी कंटाळून टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स. हवा आत गेली, टाकीचे दबलेले पत्रे टण् करून बाहेर आले. दहा सेकंदांत गाडी बरी, तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

व्हेंटच्या नळीत कुंभारीण माशीने घर बांधलं होतं. लाल मातीचं, टणक, व्यवस्थित लिंपलेलं. पावसाळ्यात झाकून ठेवलेल्या गाडीतली बारीक आडवी नळी म्हणजे तिच्यासाठी तयार फ्लॅट. आता व्हेंटच्या तोंडावर पितळी जाळी आहे आणि नळी खाली वळवून ठेवली आहे.

त्या दिवसापासून मी पहिला प्रश्न हाच विचारतो: बरी व्हायला किती वेळ लागला? झाकण उघडताक्षणी बरी झाली तर व्हेंट. दोन-चार मिनिटांत, इंजिन तापलेलंच असताना बरी झाली तर टाकीतला कचरा. अर्ध्या-पाऊण तासाने, हात लावता येईल इतकी निवल्यावरच बरी झाली तर मग कॉइल किंवा व्हेपर लॉक. त्यातही बिघडताच थंड पाण्यात भिजवलेलं फडकं आधी कॉइलवर ठेवा, मग दुसऱ्यांदा पेट्रोल लाइनवर, म्हणजे दोघांतला चोर कळेल. थांबून काहीच फरक पडत नसेल आणि फक्त उजव्या किंवा फक्त डाव्या लांब वळणात तुटत असेल, तर पेट्रोल एका बाजूला पळतंय; तिथे पिक-अपची जागा आणि फ्लोट पाहा. ते यार्डातल्या वर्तुळात सापडतं.

यात एक पोटभेद आहे, किनाऱ्याजवळच्या लोकांसाठी. पंपाची अर्थिंगची (निगेटिव्ह) वायर चॅसीच्या नळीला बोल्टने लावलेली असते आणि खारट हवेने त्या बोल्टखाली गंज धरतो. पंप फिरतो, पण अर्ध्या मनाने. पंप चालू असताना मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं पंपाच्या निगेटिव्हला लावा. ०.३ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर रंग खरवडून जोड नवा करा, किंवा सरळ बॅटरीपर्यंत वेगळी वायर ओढा. आमचा आकडा ०.९ होता. मूळ दुखण्याचं कारण तो नव्हता, पण मदत करतच होता.

फ्युएल इंजेक्शनच्या नव्या गाड्यांना हे होत नाही असं समजू नका. फक्त तिथे डेटा लॉगरवर इंधनाच्या दाबाची रेघ असते आणि सरळ पट्ट्यावर ती खाली वाकलेली दिसते, म्हणून तीन वर्षं लागत नाहीत. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या एफटी३ मानकाची, रबरी बॅगची टाकी असेल तर तिच्यावर छापलेली तारीख पाहा. बॅगेची मुदत ५ वर्षं असते, फार तर बनवणाऱ्याने तपासून २ वर्षं वाढवून दिलेली. मुदत बॅगेची असते आणि आतला फोम कुणी बघत नाही, हे तिथेही खरं आहे.

आता पावसाळ्यापूर्वी आमचा नेम ठरलेला आहे. मे महिन्याच्या शेवटी टाकी पूर्ण रिकामी, फोम बाहेर काढून सावलीत वाळवून हवाबंद पिशवीत, बाऊल कोरडा, व्हेंटला बूच आणि त्या बुचाला लाल रिबीन, म्हणजे सप्टेंबरमध्ये काढायचं विसरणार नाही. शर्यतीनंतर टाकीत उरलेलं पेट्रोल तिथेच पांढऱ्या मलमलीच्या फडक्यातून गाळतो, फडक्यावर पेनने तारीख घालतो आणि वाळवून गॅरेजच्या भिंतीला टाचणीने लावतो. बहिणीला ते प्रकरण किळसवाणं वाटतं. पण ओळीने आठ फडकी पाहिली की टाकीत काय चाललंय ते कुठल्याही मीटरशिवाय दिसतं.

शेवटच्या फडक्यावर चार कण आहेत. नखाने दाबून पाहिले: पिवळे नाहीत, काळे आहेत, आणि चिरडत नाहीत, ताणले जातात. म्हणजे फोम नव्हे, नळी. रिटर्न लाइनचा एक हातभर तुकडा जुनाच ठेवला होता, 'चांगला दिसतोय' म्हणून. रविवारी तो काढून उभा चिरून पाहणार आहे. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.